रिश्ता आणि रिपोर्ट

रे रोड स्टेशनाच्या पूर्वेला दारूखाना. जहाजांच्या भंगारावर आणि लोखंडावर या वस्तीने कित्येक वर्षे पोट भरले. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील तिथेच काम करतात. हा मुलगा दर तीन आठवड्यांनी एक दिवस गैरहजर असतो. त्याला थॅलेसेमिया मेजर आहे, त्या दिवशी रक्त चढवावे लागते. आईवडील मामे-फुफेरे भावंडे.

रमजानच्या आधी वडील फॉर्मवर सही करायला आले आणि जाताजाता खुशखबर देऊन गेले. थोरलीचे तिच्या खालाच्या मुलाशी ठरत आहे. “सर, घरची पोरगी घरातच राहील.” आम्ही मुबारकबाद दिली, त्यांचा पेढा खाल्ला आणि गप्प बसलो.

गप्प बसणे ही सभ्यता की गुन्हा, हा प्रश्न तेव्हापासून आमचा पिच्छा सोडत नाही.

हिशोब आठवीच्या मुलालाही समजेल असा आहे. थॅलेसेमियाचे एकच सदोष जनुक असलेला माणूस धडधाकट असतो, त्याला मायनर म्हणतात. दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर होण्याची शक्यता चारात एक. प्रत्येक वेळी, बरे का. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली असे नसते. आजारी मुलाची निरोगी बहीण मायनर असण्याची शक्यता मात्र तीनात दोन. आणि तिची खाला तिच्या आईचीच सख्खी बहीण.

हा सारा दोष मुसलमानांच्या माथी मारणाऱ्यांची आम्हाला चीड येते. मामाच्या मुलीवर हक्क सांगणारा भाचा महाराष्ट्रात फक्त आमच्याच मोहल्ल्यात नाही. सिंधी आणि लोहाणा समाजांत थॅलेसेमिया बराच आढळतो, तो काही निकाहामुळे नव्हे. पण चिडीने हिशोब बदलत नाही. ब्रॅडफर्डमधल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास 2013 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या लग्नात जन्मजात व्यंगाचा धोका सुमारे तीन टक्क्यांवरून सहावर जातो, असे त्यात दिसले. म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव मुले तरीही ठीक. इतकेच, ना कमी ना जास्त.

आपल्या शहराचे तर नावच या विषयात कोरलेले आहे. 1952 साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक नवा रक्तगट नोंदवला. तपासणीत तो ‘ओ’ भासतो, पण त्या माणसाला ‘ओ’चेही रक्त चालत नाही. आईकडून आणि बापाकडून तेच सदोष जनुक आले तरच हा ‘बॉम्बे’ गट होतो.

सूरह निसामध्ये निषिद्ध नात्यांची यादी आहे. तीत चुलत, मावस भावंडे नाहीत. पण जायज म्हणजे वाजिब नव्हे. सौदी अरेबियाने 2004 साली निकाहापूर्वीची तपासणी सक्तीची केली. निकाह करायचा की नाही, ते जोडप्यावर सोडले.

खरी भीती वेगळी आहे. रिपोर्ट फुटला की बदनाम मुलगी होते. मुलाच्या रक्तात काय आहे, हे कोणी विचारत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की आधी मुलाचे रक्त तपासा. तो मायनर नसेल तर मूल मेजर होणार नाही, आणि मुलीचा रिपोर्ट कोणी मागायचे कारणच उरत नाही. तो मायनर निघाला तरच मुलीची तपासणी. आणि हे मंगनीच्या आधी. हॉल बुक झाल्यावर खरे बोलायला फार हिंमत लागते. मुलाची आई रागावेल? रागावू द्या. दर तीन आठवड्यांनी सुई मुलाच्या आईला टोचत नाही.

ईदनंतर आम्ही त्या घरी गेलो. जे पेढा खाताना बोलायला हवे होते ते शीरखुर्मा खाताना बोललो. वडील बराच वेळ वाटीकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, “सर, तुमचं तर चाचाच्या मुलीशी झालंय ना? तुम्ही केली होती तपासणी?”

नव्हती केली. तसे सांगितले. दारात उभी असलेली थोरली आमच्याकडे पाहत होती. तिनेच विचारले, “मुलाचं आधी, असं कोण जाऊन सांगणार खालाला?”

पुढल्या जुम्याला नमाजनंतर तिचे वडील आणि आम्ही असे दोघे खालाच्या घरी जाणार आहोत. आमचा आणि आमच्या बेगमचा रिपोर्ट त्याच्या आदल्या दिवशी यायचा आहे.