विसरणाऱ्याची साक्ष

‘तूच तर म्हणाली होतीस.’ हे चार शब्द आपल्या घरांतून दिवसाकाठी किती वेळा उच्चारले जातात, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. आम्हीही ठेवला नव्हता. बहुतेक वेळा वाद भाजीचा असतो, नाहीतर पाहुण्यांच्या जेवणाचा. समोरचं माणूस ‘मी कधी म्हटलं?’ असं उलटून विचारतं आणि भांडण बरोबरीचं होतं. पण समोरच्या माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा भरवसाच उडालेला असेल, तर हेच चार शब्द काय करू शकतात, हे आम्हाला आमच्याच घरात कळलं. सांगायला संकोच वाटतो. पण ते वगळून या विषयावर लिहिणं हा निव्वळ ढोंगीपणा होईल.

वाकडला आम्ही दोघे भाऊ एकाच इमारतीत वरखाली राहतो. आपा, आमची थोरली बहीण, धाकट्याकडे असते. वैधव्य लवकर आलं, मूलबाळ नाही. गणित शिकवायची. पस्तिशीत एकदा तिच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं, डोळा हलवला की दुखायचा. महिनाभरात ते ओसरलं आणि आम्ही सारे विसरलोही. दोन वर्षांनी डावा पाय ओढला जाऊ लागला, तेव्हा एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस हे नाव घरात आलं. विजेच्या तारेवर वेष्टन असतं तसं मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं. शरीराची संरक्षक यंत्रणाच ते कुरतडू लागते. निरोप उशिरा पोचतात, काही पोचतच नाहीत. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतो.

पायाचं दुखणं दिसतं. काठी हातात आली की सोसायटीतला वॉचमनही लिफ्टचं दार धरून उभा राहतो. स्मरणाला काठी नसते. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या आजाराची मांडणी केली, तेव्हाच रुग्णांची स्मरणशक्ती क्षीण होते हे नोंदवून ठेवलं होतं. तरी पुढची शंभर वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. आज असं मानलं जातं की ४० ते ६५ टक्के रुग्णांच्या बौद्धिक क्षमतांवर, त्यांतही नवं लक्षात ठेवण्यावर आणि विचारांच्या वेगावर, काही ना काही परिणाम होतो.

आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला एवढंच दिसत होतं की आपा दुधाचा गॅस बंद करायला विसरते, तोच निरोप दोनदा सांगते, पुतणीला दिलेला शब्द पाळत नाही. आणि हीच आपा एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणते! लहानपणी पाठ केलेल्या सूरह तिला जशाच्या तशा येतात, अब्बांच्या मालेगावच्या बदलीचं सालही येतं. मग घरातलं कुणी म्हणायचं, ‘कामाचं तेवढं बरं विसरतं.’ ते ऐकून आम्ही गप्प राहायचो. खरं तर गप्प राहणं हीही एक साक्षच होती.

पुढे एका मानसतज्ज्ञ बाईंनी समजावलं ते असं. आपाच्या बाबतीत साठवलेलं हरवत नव्हतं. नवं मुळात नीट नोंदलंच जात नव्हतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात प्रयोगांतून हेच दाखवलं होतं. नवी माहिती पक्की होईपर्यंत पुन्हा पुन्हा शिकू दिली, तर पुढे आठवण्यात हे रुग्ण इतरांच्या फारसे मागे पडत नाहीत. म्हणजे पाढा शाबूत असणं आणि सकाळचा निरोप पुसला जाणं यात लबाडी नव्हती. आमचा संशय अज्ञानातून आला होता, असं म्हणून आम्ही सुटू शकलो असतो. पण अज्ञान होतं तर कठोर निकाल द्यायची घाई कशाला केली?

स्मरणाचं पुनर्वसन म्हणजे काही गोळी नव्हे. डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशावरचं औषध या रुग्णांवर वापरून पाहिलं गेलं, तेव्हा २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा उपयोग दिसला नाही. हाती उरतो तो सराव. न्यू जर्सीतल्या केसलर फाउंडेशनच्या संशोधकांनी पाच आठवड्यांत दहा बैठकांची एक रीत बसवली. जे लक्षात ठेवायचं त्याचं मनात चित्र करायचं, आणि सुटी चित्रं एका गोष्टीत ओवायची. २०१३ साली त्यांनी ८६ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल छापले. ज्यांनी ही रीत शिकली त्यांचं नवं शिकणं सुधारलं होतं.

आपालाही अशाच तऱ्हेचा सराव दिला गेला. पहिल्या आठवड्यात चार गोष्टी होत्या: गोळी, गॅसचं बुकिंग, लाइटबिल, शिंप्याकडचा कुर्ता. आम्ही दोघांनी उत्साहाने तिला एक गोष्ट रचून दिली. दुसऱ्या दिवशी आपाला तिच्यातलं काही आठवेना. बाई हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही नका रचू. मग आपाने स्वतः रचली. शिंपी गॅसच्या टाकीवर बसून लाइटबिलाच्या कागदाचा कुर्ता शिवतोय आणि सुई टोचली म्हणून गोळी मागतोय! ही गोष्ट आठवडाभर टिकली. स्वतः घडवलेलं आयत्या दिलेल्यापेक्षा चांगलं लक्षात राहतं, हे संशोधनातही दिसून आलेलं आहे. शिवाय एका बैठकीत घोकण्यापेक्षा मध्ये अंतर ठेवून, स्वतःला विचारून पाहत केलेला सराव अधिक टिकतो. आपल्या हाफिजांना हे सांगायची गरज नाही. ते एकमेकांना ऐकवत दौर करतात तो दुसरं काय असतो?

फार आशा बाळगू नये, हेही सांगितलं पाहिजे. २०२१ साली अशा ४४ अभ्यासांचा, २७१४ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्याचा सूर सावध आहे. काही प्रमाणात सुधारणा दिसते, ती सगळ्यांत आणि सगळ्या काळ दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चालून आली तरी आपाचं अंग तापतं आणि त्या दुपारी कुठलीच गोष्ट तिच्या कामी येत नाही. उष्म्याने या आजाराची लक्षणं तात्पुरती वाढतात. आपल्याकडे पुनर्वसनाची सोयही मोजक्याच ठिकाणी आहे. रहमत फाजलभॉय यांनी १९८५ साली मुंबईत स्थापन केलेल्या मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यात शाखा आहे, हा त्यातल्या त्यात आधार.

सरावाबरोबर एक वही आली. साधी, शंभर पानी. नियम एवढाच की आपाने स्वतःच्या हाताने, तिथल्या तिथे, तारीख-वेळ घालून लिहायचं. आणि झोपण्यापूर्वी एकदा वाचायचं.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. अब्बांच्या माघारी गावाकडे अडीच एकर जमीन उरली. शंभर गुंठे. आम्ही दोघे आणि आपा, एवढेच वारस. शरियतप्रमाणे आपाचा हिस्सा पाचवा, म्हणजे वीस गुंठे. आम्हाला जमीन विकून घराचं कर्ज फेडायचं होतं. वाकडमध्ये घर घेतलेल्या माणसाला हप्ता म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. आपाने हक्कसोडपत्र करून द्यावं, आम्ही तिला सांभाळतोच आहोत, असं आमचं म्हणणं. बकरी ईदच्या संध्याकाळी आम्ही विषय काढला. ती काय म्हणाली ते आम्हा दोघांना नीट आठवत होतं. ती म्हणाली, ‘विचार करून सांगते.’

तीन आठवड्यांनी दुय्यम निबंधक कार्यालयात जायचा दिवस ठरवून आम्ही तिच्यासमोर बसलो. ती गोंधळली. ‘मी हो म्हटलं होतं?’ तिने विचारलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित जमलं नसतं. धाकटा म्हणाला, ‘तूच तर म्हणाली होतीस.’ थोरल्याने मान हलवली.

तिने वाद घातला नाही, हे आजही टोचतं. ‘असेल, माझं आजकाल असंच होतं,’ म्हणाली आणि ओळखपत्र शोधायला आत गेली. ओळखपत्राबरोबर वही हाती लागली. सवयीने तिने त्या दिवसाचं पान काढलं आणि बाहेर येऊन मोठ्याने वाचलं. सायंकाळी सात वाजून दहा मिनिटं. जमिनीचं विचारलं. विचार करून सांगते म्हटलं. खाली कंसात: घाई दिसते.

आम्ही वाईट माणसं नाही, असं आम्हाला वाटत आलं आहे. अनेकांना स्वतःबद्दल तसंच वाटतं. औषधं आम्हीच आणतो, दवाखान्यात आम्हीच नेतो. पण आठवणारा आणि विसरणारा एका घरात राहू लागले की आठवणाऱ्याच्या हाती एक सत्ता येते आणि ती त्याने मागितलेली नसते. दुसऱ्याचं काल त्याच्या ताब्यात असतं. ते अमानत म्हणून सांभाळायचं की आपलं मानून वापरायचं, हा प्रश्न रोज पडतो आणि बहुतेक रोज इतक्या क्षुल्लक बाबतीत पडतो की प्रश्न आहे हेच कळत नाही. ‘तुझं जेवण झालंय’ असं चुकून सांगणं आणि ‘तू हो म्हटलंस’ असं ठरवून सांगणं, यांच्या मधली वाट उताराची आहे.

सूरह बकरामधली कर्जाच्या व्यवहाराची दीर्घ आयत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहून ठेवा असं ती सांगते. तिथेच साक्षीदार स्त्रियांबद्दल बोलताना, एकीची चूक झाली तर दुसरीने तिला आठवण द्यावी असा आशय येतो. या जागेवरून बायकांच्या बुद्धीविषयी निष्कर्ष काढणाऱ्यांची कमी नाही. आम्हाला आता तिथलं आठवण देणं तेवढं दिसतं. दुसरीने पहिलीच्या ऐवजी बोलावं, असं तिथे नाही. आठवण द्यायची, साक्ष जिची तिचीच राहते. नमाजमध्ये रकातींचा हिशोब चुकला तर सजदा-ए-सह्व आहे. आपा तो हल्ली वारंवार करते आणि तिला त्यात काही कमीपणा वाटत नाही. विसर पडणार हे धरूनच जिथे सोय केलेली आहे, तिथे विसरणाऱ्याला गुन्हेगार ठरवणारे आम्ही कोण?

देशाचा कायदाही इथे आमच्यापेक्षा शहाणा निघाला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने हा आजार २१ दिव्यांगत्वांच्या यादीत घेतला. त्याच्या तेराव्या कलमात म्हटलं आहे की मदत करणारा आणि दिव्यांग व्यक्ती यांचे एखाद्या मालमत्तेच्या व्यवहारात हितसंबंध आड येत असतील, तर त्या व्यवहारापुरतं मदतनिसाने बाजूला व्हावं. आम्ही हे वाचलं ते नंतर. आधी वाचलं असतं तर थांबलो असतो, असं छातीठोकपणे सांगवत नाही.

आम्ही माफी मागितली तेव्हा आपा बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘माफ केलं हे मी उद्या विसरले तर? लिहिते.’ तिने लिहिलं. त्याखाली आम्ही तिच्यासमोर काय खोटं बोललो तेही लिहिलं, वेळ घालून. आम्ही म्हणालो, हे कशाला? तर म्हणाली, एक ठेवायचं तर दुसरंही ठेवायला हवं.

सातबाऱ्यावर तिघांची नावं आहेत. घराचा हप्ता चालू आहे. जमिनीविषयी बोलायचं असेल तेव्हा आपा आता मामूंच्या मुलीला बोलावते. तिचा त्या जमिनीशी काही संबंध नाही. आम्ही दोघे त्या वेळी खाली जाऊन बसतो. मागच्या वेळी वर आलो तेव्हा वही मिटलेली होती आणि दोघी चहा पीत होत्या. काय ठरलं, हे आम्ही विचारलं नाही.