मंथरेचे ऋण

१९८७ साली श्रीवर्धनला रविवारी सकाळी 'रामायण' पाहायला आमची सारी आळी एका घरी जमे. मंथरा दिसली की आजी कडाकड बोटे मोडी. "मेलीचा डोळाच सांगतो, पापी आहे!"

तो डोळा पापाचा नव्हता. येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार मूकपटांच्या काळापासूनच्या नायिका. १९४२ साली एका प्रसंगाच्या चित्रीकरणात भगवान यांच्या हातची थप्पड नको इतकी जोरात बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामे गेली. त्याच चेहऱ्यातून बाईंनी खाष्ट सासू उभी केली. 'अनाडी'तली मायाळू मिसेस डिसाही त्यांचीच; पण ती कुणाच्या लक्षात राहते?

कोकणातल्या शिमग्यात संकासुर नाचतो. पोरे भितात, पण सोंग उतरले की तो आपला शेजारी होतो. नटीला ही सुटका आपण का देत नाही? सुनेला छळणारी कोणीही 'ललिता पवार' ठरते. नाव नटीचे बद्दू होते, छळणारी नामानिराळी राहते.

कुणी म्हणेल, ही अभिनयाची पावतीच. खरे, पण पावती ज्याच्या हाती पडते त्याने पैसे मोजलेले असतात.

आजी बोटे मोडू लागली की आई मुकाट्याने स्वयंपाकघरात जाई. का, ते मला फार उशिरा कळले. मंथरेला शिव्या देऊन घरोघरच्या किती सासवा सोवळ्या झाल्या असतील! ते ऋण त्या बाईंचे आहे.