भिंत घालणाऱ्याची बाजू

एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने १९१३ साली ‘लिट्ल वॉर्स’ नावाचे एक छोटेखानी पुस्तक लिहिले. शिशाचे शिपाई, स्प्रिंगच्या तोफा आणि लाकडी ठोकळ्यांच्या भिंती मांडून घरातल्या जमिनीवर लढाई कशी खेळावी, याचे नियम त्यात आहेत. त्यांतला एक वाचून मी पुस्तक मिटूनच ठेवले. रणभूमी एकाने मांडायची. भिंती, घरे, झाडी, सारे अडसर त्याच्या मर्जीने. पण कोणत्या बाजूने लढायचे, हे मात्र दुसऱ्याने निवडायचे! आणि एकदा घातलेली भिंत तोफेच्या आड येते म्हणून कोणी हलवायची नाही.

म्हणजे ती भिंत आपल्याला आडोसा देणार की शत्रूला, हे घालणाऱ्याला ठाऊकच नाही. तो झुकते माप देणार कोणाला? खरा किल्लेदार असला नियम ऐकून हसेल. दोघांच्या सारखीच उपयोगी पडणारी तटबंदी ती कसली तटबंदी? तेही खरेच. पण शत्रू आणि वाटेकरी यांत काही फरक आहे की नाही?

वडिलांच्या मागे आम्हां भावांची वाटणी झाली. थोरला म्हणून अंगणातली भिंत मी आखली आणि बाजूही मीच निवडली. “दादा, तू म्हणशील तसं,” धाकटा म्हणाला. तो मला त्याचा चांगुलपणा वाटला, थोडा माझाही. विहीर माझ्या बाजूला आली, ती आपली ओघानेच.

पाण्याला मी कधी नाही म्हटलेले नाही. दिवाळीच्या पहाटे भावजय कळशी घेऊन येते, ती रस्त्याने वळसा घालून.