रजकाचा नमस्कार

आजचं वाचन श्रीगुरुचरित्र, अध्याय ९. स्थळ कुरवपूर, रायचूरजवळ कृष्णेच्या दोन धारांमधलं बेट. १४व्या शतकात श्रीपाद श्रीवल्लभांनी इथेच तप केलं. नदीवर कपडे धुणारा रजक त्यांना रोज नमस्कार करायचा. मागणं काहीच नाही. एके दिवशी राजाचा नौकाविहार बघून त्याचं मन हललं. तेवढ्या एका इच्छेपायी त्याला पुढचा जन्म घ्यावा लागला.

मी कुरवपूरला गेलो तेव्हा होडीतून खडकावर ऊन खात पडलेली मगर दिसली. शेजारी दोन बगळे. मी ओरडलोच, मोबाईल काढला. नावाड्याने नुसता हात वर केला, "हळू!" तोवर मगर पाण्यात गेली होती. मला लाज वाटली.

महाराजांनी एकांत निवडला, पण बेट रिकामं नव्हतं. मगर, बगळे, मासे यांच्या सोबतीतच तप झालं. आपण मात्र दर्शनाला जाऊन जुने कपडे, प्लास्टिक नदीत सोडून येतो, वर मागण्यांची यादी.

१९११ साली टेंबेस्वामींचा चातुर्मास याच बेटावर झाला. त्यांचे शिष्य योगानंद सरस्वती यांची समाधी आपल्या पाथरी तालुक्यात, गुंजला, गोदाकाठी आहे. कुरवपूर लांब, पण काठ आपल्याजवळही आहेच की.

या गुरुवारी गुंजला गेलात तर रजकासारखा एक नमस्कार करा. काही न मागता, आणि काठावर काही न टाकता.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!