पुढचे शॉकअप आणि स्थितप्रज्ञ

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्थितप्रज्ञाची लक्षणं विचारतो, तेव्हा तो माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, हेही विचारतो. हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. माझं आयुष्य मोटारसायकली दुरुस्त करण्यात गेलं. गाडीची तब्येत मलाही ती चालवल्यावरच कळते. कृष्ण सांगतो की दुःखात त्याचं मन उद्विग्न होत नाही. यावरून पुष्कळजण धरून चालतात की त्याला दुःख लागतच नाही, मन कठीण झालेलं असतं. मला हे पटत नाही.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "पुढचे शॉकअप कडक करून द्या, खड्ड्यात आपटतात." कडकपणा म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला लागणारं बळ. दोन्ही नळ्यांतल्या स्प्रिंगा मिळून मिलिमीटरला 10 न्यूटन, म्हणजे साधारण एक किलोचा भार मागत असतील, तर 20 किलोला त्या 20 मिलिमीटर दबतील. रॉबर्ट हूकने 1678 साली हेच प्रमाण छापून मांडलं. तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळी किती, यावर ते ठरतं. तार एक दशांशाने जाड घेतली की कडकपणा जवळजवळ दीडपट होतो. वरून वॉशर घालून स्प्रिंग आधीच दाबून ठेवली, तर गाडी पुढून उचलली जाते, स्प्रिंग मात्र होती तेवढीच कडक राहते. नेमधर्माने ताठ बसायला शिकलेला माणूस सोसायलाही शिकला, असं मी म्हणूनच धरत नाही.

फार कडक स्प्रिंग बसवली तर हँडलवर प्रत्येक खडा कळतो. त्याहून वाईट म्हणजे उंचवट्यावर चाक उडतं आणि रस्ता सोडतं. हवेतल्या चाकाच्या ब्रेकचा काही उपयोग नाही, वळणही घेता येत नाही. चाक जमिनीला टेकवून ठेवणं हे शॉकअपचं पहिलं काम; स्वाराचं सुख त्यानंतर. आणि त्यासाठी स्वार बसल्यावर गाडी थोडी खाली बसलीच पाहिजे, एकूण चालीच्या पाव ते एक तृतीयांश. पूर्ण ताणून उभ्या असलेल्या शॉकअपला खड्डा आला की चाक खाली सोडायला जागाच नसते. ज्याने दुःखाचं ओझं थोडंही अंगावर घेतलेलं नाही, तो दुसऱ्याच्या दुःखात उतरणार कसा?

पण स्प्रिंग एकटी पुरत नाही. घेतलेला धक्का ती जवळजवळ सगळा परत करते, म्हणून तेल गळून गेलेली गाडी एका गतिरोधकानंतर डोलत राहते. धक्का जिरतो तो तेलात. बारीक भोकांतून ढकललं जाताना तेल तापतं आणि धक्क्यातली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. उद्विग्न न होणं म्हणजे मला हे वाटतं: दुःख आत पूर्ण उतरलं, मन दबलं, पण ते घरातल्या माणसांवर, शेजाऱ्यांवर उलटून आलं नाही.

माझ्या या समजुतीला आधार गीतेतच आहे. बाराव्या अध्यायाच्या तेराव्या श्लोकात भक्ताचं वर्णन येतं. सुखदुःख समान मानणारा जो, तोच तिथे करुणा असलेला आणि क्षमा करणाराही म्हटला आहे. कठीण झालेल्या मनाला ही तिन्ही विशेषणं एकत्र कशी लावायची, हे मला अजून कोणी दाखवलेलं नाही.