वाळूवरची पंगत

दिवाळीच्या सुट्टीत राजस्थानला निघालेल्या मराठी कुटुंबांच्या सहलीत एक संध्याकाळ हमखास ठरलेली असते. जैसलमेरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर सम हे गाव आहे. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर उंटावरून फेरी, सूर्यास्त, मग तंबूंच्या मधल्या चौकात गाणं-नाच आणि शेवटी जेवण. तीन-चार तासांत सगळं उरकतं. पण त्या वेळात आपल्यापुढे जे जे येतं, ते नीट पाहिलं तर साऱ्यामागे एकच विद्या दिसते, थोडक्यात भागवण्याची. वर्षाकाठी जेमतेम दीड-दोनशे मिलिमीटर पावसाच्या त्या मुलखात माणसांनी, जनावरांनी आणि झाडांनीही ती कमावली आहे.

उंटाचंच पाहा. उठताना तो आधी मागचे पाय सरळ करतो, म्हणून स्वार एकदम पुढे झुकतो. चालताना एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, म्हणून ते डोलणं. एवढं सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याचा खरा मोठेपणा मात्र आत आहे. त्याच्या वशिंडात चरबी साठवलेली असते, पाणी नव्हे. पाण्याची टंचाई असली की तो रात्री अंगाचं तापमान चौतीस अंशांपर्यंत उतरू देतो आणि दिवसा चाळिशीपर्यंत चढू देतो. घाम गाळून पाणी दवडत नाही. आणि पाणी मिळालं की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पिऊ शकतो.

हा उंट आज कमी होतो आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते, २०१९ च्या गणनेत अडीच लाख उरले. ओझी वाहायला ट्रॅक्टर आणि पिकअप आले, कालव्याच्या पाण्याने चराऊ रानांची शेतं झाली. राजस्थान सरकारने २०१४ साली उंटाला राज्यपशू केलं आणि पुढच्याच वर्षी त्याच्या कत्तलीवर बंदी आणली, त्याला राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. हेतू चांगला होता, पण बाजार बसला आणि पिढ्यान् पिढ्या उंट पाळणाऱ्या रायका लोकांना ते पोसणं जड झालं. म्हणून, दया येते म्हणून उंटावर न बसणं मला पटत नाही. उंटाला काम उरलं तरच त्याचा सांभाळ होईल. बसण्याआधी त्याच्या नाकपुड्या आणि पाठ पाहावी, जखम दिसली तर दुसरा उंट मागावा, आणि एका उंटावर तिघाचौघांनी चढू नये.

जेवणाविषयी जरा सविस्तर बोलायला हवं. तंबूतल्या पंगतीत पनीर असतं, नूडल्सही असतात, पण त्या ओळीत कुठेतरी काळपट हिरवी, सुकी भाजी असते, केर-सांगरी. केर म्हणजे काटेरी झुडपाची बोराहून लहान, चवीला कडू फळं. ती मिठाच्या पाण्यात किंवा ताकात काही दिवस मुरवून कडूपणा काढतात आणि वाळवतात. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा, उकडून सुकवलेल्या. दोन्ही वर्षभर टिकतात. हिरवी भाजी मिळत नाही तेव्हा रात्री भिजत घालायच्या आणि सकाळी तेलात, लाल मिरची नि आमचूर घालून परतायच्या.

आणि ही खेजडी आपल्याला परकी नाही. गणपतीला आपण जिची पत्री वाहतो, अज्ञातवासात पांडवांनी जिच्यावर शस्त्रं लपवली, ती शमी हीच. इथे ती पूजेच्या तबकात असते, तिथे ती घर चालवते. शेंगा माणसाला, पाला शेळ्या-उंटांना, सावली सगळ्यांना. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा, ‘छप्पनिया’ दुष्काळ पडला तेव्हा लोकांनी हिची साल दळून पिठात मिसळली आणि जीव जगवला. त्याच्याही आधी, १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात ही झाडं वाचवण्यासाठी अमृतादेवी आणि तिच्यामागून तीनशेहून अधिक बिश्नोई माणसांनी प्राण दिले. आपल्या ताटात पळीभर वाढलेल्या भाजीला एवढा इतिहास आहे. ती चिवडून टाकून दिलेली मी पाहते तेव्हा मला फार वाईट वाटतं.

गाण्याचंही तेच. चौकात गायला बसलेले मांगणियार जमातीचे गायक मुसलमान आहेत आणि त्यांचे यजमान बहुतेक राजपूत. यजमानाच्या घरी मूल झालं, लग्न निघालं की हेच गाणार, देवीची आणि कृष्णाची गीतंसुद्धा. त्यांचं कमायचा हे वाद्य आंब्याच्या लाकडात कोरलेलं, चामड्याने मढवलेलं असतं. त्या वाद्याचे थोर वादक, हमीरा गावचे साकर खाँ यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्याच जमातीच्या गायकापुढे जाऊन आपण सिनेमातल्या गाण्याची फर्माईश करतो. तो बिचारा ते म्हणतोही. त्याऐवजी त्याच्या घरचं एखादं जन्माचं किंवा लग्नाचं गाणं मागावं आणि संपेपर्यंत मोबाइल खिशात ठेवून ऐकावं.

समला जाणार असाल तर एवढं कराच. वाढपी दादांना केर-सांगरी आणि बाजरीची भाकरी मागा, थोडी घ्या आणि ताट स्वच्छ करून उठा. न्हाणीघरातला नळही जपून सोडा. जैसलमेरचं आजचं पाणी इंदिरा गांधी कालव्यातून येतं, आणि तो कालवा सुरू होतो दूर पंजाबात, सतलज-बियासच्या संगमावरच्या हरिके बंधाऱ्यापाशी.