मोड आणि कल्हई

आपल्या आज्यांच्या काळी भांडे मोडीत घालण्यालाही एक शिस्त होती. तांब्याचा हंडा तळाशी झिजून गळू लागला, झाळून घेतला तरी थांबेना, म्हणजे तो तांबटाकडे जाई. तेथे वजन होई, मोडीचा भाव धरला जाई आणि वर चार पैसे घालून नवा हंडा घरी येई. जुना हंडा संपला हे कुणा तिऱ्हाइताने सांगावे लागत नसे. त्याच्याखालची ओली जमीनच ते सांगे.

आज आपल्याभोवती मोडीत निघणाऱ्या वस्तूंपैकी पुष्कळशा गळत नसतात. त्या चांगल्या धडधाकट असताना मोडीत निघतात. बँका, कचेऱ्या, मोठ्या कंपन्या यांच्या संगणक-जाळ्यात जी यंत्रे बसवलेली असतात, त्यांचे उदाहरण या बाबतीत मोठे बोलके आहे. एक यंत्र पन्नास संगणकांना एकमेकांशी जोडते, त्याला स्विच म्हणतात. दुसरे बाहेरच्या जगाची वाट दाखवते, तो राउटर. तिसरे वेशीवरच्या पहारेकऱ्यासारखे आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक संदेशाची झडती घेते, ती फायरवॉल. तीन ते पाच वर्षे झाली की कंपनी ही यंत्रे बदलते. घसारा लावून ताळेबंदात त्यांची किंमत जवळजवळ उरलेली नसते, उत्पादकाशी केलेला देखभालीचा करार संपत आलेला असतो. मग लाखभर रुपयांची वस्तू बंगळूरच्या एस. पी. रोडवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन-चार हजारांना मिळू लागते.

आपल्या सीमाभागातली कितीतरी मुले आज बंगळूर-पुण्याला या क्षेत्रात नोकरी करतात. त्यांच्यापैकी काही जण ही यंत्रे विकत घेऊन घरी आणतात, माळ्यावर किंवा पलंगाखाली मांडतात आणि त्यांच्यावर शिकतात. याला ते ‘होम लॅब’ म्हणतात. आपण घरगुती प्रयोगशाळा म्हणू. आईवडिलांना हा भंगाराचा नाद वाटतो. मुलांना ती काटकसर वाटते, कधी पर्यावरणाची सेवाही वाटते. यात बरोबर कोण? मला वाटते, या साध्या घरगुती वादाच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे. एखादी वस्तू संपली असे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? आणि दुसऱ्याने संपली म्हणून टाकलेली वस्तू आपण उचलली, तर तिच्याबरोबर आणखी काय काय उचलतो?

पहिल्या प्रश्नासाठी या पेट्यांच्या आत डोकावले पाहिजे. १९९५ साली सिस्को कंपनीने एक लहान कंपनी विकत घेतली आणि तिची ‘पिक्स’ नावाची फायरवॉल जगभर विकली. २००८ साली तिची विक्री थांबली, २०१३ साली देखभालही थांबली. ही पेटी ज्यांनी उघडली त्यांना आत इंटेलचा पेंटियम जातीचा प्रोसेसर दिसला, म्हणजे घरच्या संगणकात असे तोच. वॉचगार्ड कंपनीच्या लाल रंगाच्या फायरबॉक्समध्येही अनेकांना असाच ओळखीचा सेलेरॉन सापडला. पेटी खास, पण आतला जीव सर्वसाधारण. तिला पहारेकरी बनवत होती ती तिच्यातली आज्ञावली, सॉफ्टवेअर. तेव्हा जुनी आज्ञावली काढून तेथे ‘पीएफसेन्स’ किंवा ‘ओपनडब्ल्यूआरटी’ यांसारखी खुली आज्ञावली घातली, की तेच यंत्र पुन्हा कामाला लागते. या दोन्ही योजना २००४ सालच्या. कुणीही वापराव्यात, तपासाव्यात, सुधाराव्यात अशा त्या आहेत.

आद्य शंकराचार्यांनी अमरू राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. हा तसाच परकायाप्रवेश आहे. एरवी आपले तत्त्वज्ञान सांगते की देह जीर्ण होतो आणि आत्मा नवा देह धारण करतो. येथे देह शाबूत राहतो आणि आत्माच कालबाह्य होतो.

मग कंपनी जेव्हा ‘या यंत्राचे आयुष्य अमुक तारखेला संपले’ असे जाहीर करते, तेव्हा नेमके काय संपते? त्या तारखेच्या आदल्या रात्री यंत्र चालत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही ते चालतच असते. सीमाभागातल्या वाचकाला हे विस्ताराने सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ या दिवशी आपली घरे, विहिरी, शेते जेथल्या तेथेच होती. बदलले होते ते कागद. कागदावरच्या तारखेने वस्तू बदलत नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. पण त्या तारखेने काहीच बदलत नाही, असे मात्र आपणही म्हणणार नाही. तारखेनंतर दाद कुणाकडे मागायची, हे बदलते.

माझ्या मते प्रश्नाची किल्ली येथे आहे. यंत्राचे आयुष्य संपत नाही, यंत्राबद्दल कुणीतरी दिलेले वचन संपते. ‘यात दोष सापडला तर आम्ही तो दुरुस्त करू’ हे उत्पादकाचे वचन होते. त्या तारखेपासून ते मागे घेतले गेले. वस्तू राहिली, पण तिच्यासाठी जबाबदार असा कुणी राहिला नाही. जो ती घरी नेतो, त्याने ते वचन स्वतःच्या अंगावर घेतले पाहिजे, किंवा घेता येत नसेल तर वस्तूचा वापर त्या मानाने आवरला पाहिजे. मालकी या शब्दाचा एवढा अर्थ तरी आपण धरू या.

या कसोटीवर काही गोष्टी घासून पाहता येतात. पहिली गोष्ट हक्काची. पैसे देऊन आणलेली पेटी आपली, याबद्दल वाद नसावा. पण तिच्यातली मूळ आज्ञावली बहुधा परवान्याने दिलेली असते आणि तो परवाना पहिल्या मालकाबरोबर थांबतो. मेराकी जातीच्या यंत्रांची तर अनेक वर्षे अशी रीत होती की परवान्याची मुदत आणि वर सवलतीचे तीस दिवस संपले, की चांगले चालते यंत्र काम थांबवी. विकत घेतलेल्या वस्तूने असे गप्प बसावे, हे मनाला पटत नाही. म्हणून काही जण चोरीची किल्ली वापरून परवाना उघडतात आणि त्याला न्यायाचे नाव देतात. मला हे मान्य करता येत नाही. जी आज्ञावली तिच्या कर्त्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली आहे ती घालणे, हे आपल्या घरात आपले बिऱ्हाड मांडणे झाले. दुसऱ्याची आज्ञावली खोट्या किल्लीने वापरणे ही चोरीच. कंपनी श्रीमंत आहे, एवढ्याने चोरीचे नाव बदलत नाही.

दुसरी गोष्ट पहिल्या मालकाची. जुने कपाट विकत आणावे आणि त्याच्या चोरखणात मूळ मालकाची पत्रे सापडावीत, तसे या यंत्रांचे होते. २०२३ साली ईसेट या संगणक-सुरक्षेच्या कंपनीने बाजारातून कंपन्यांचे १८ जुने राउटर विकत घेतले. त्यांतल्या तपासता आलेल्या १६ पैकी ९ यंत्रांत आधीच्या मालकांच्या जाळ्याची माहिती तशीच पडून होती. ती पुसणे हे टाकणाऱ्याचे काम होते, हे खरे. पण त्याने ते केले नाही म्हणून घेणाऱ्याला ती वाचण्याचा हक्क मिळतो का? दुसऱ्याचे पत्र उघडे सापडले तरी वाचू नये, हे आपण मुलांना शिकवतो. यंत्र घरी आणल्यावर आधी ते न पाहता कोरे करावे आणि मग कामाला घ्यावे. येथे कुणीही पाहणारा नसतो, म्हणूनच ही परीक्षा खरी.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तांब्यापितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली की ते गळत नाही, फुटत नाही, दिसायलाही ठीक दिसते. पण त्यात ताक किंवा चिंचेचे सार ठेवले तर ते कळकते आणि खाणाऱ्याला बाधते. जाळ्यातल्या यंत्राला मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या म्हणजे ही कल्हई होय. ती एकदा लावून भागत नाही, पुन्हा पुन्हा लावावी लागते. उत्पादकाने ती लावणे थांबवले की यंत्र वरून तसेच दिसते, पण आत दोष उघडे पडू लागतात. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहीर केले की तेथील घरांतले आणि लहान कचेऱ्यांतले शेकडो राउटर परक्या हल्लेखोरांनी गुपचूप ताब्यात घेतले होते आणि त्यांच्या आडून ते इतरांवर चाल करीत होते. त्यांतले बहुतेक सिस्को आणि नेटगियर कंपन्यांचे, कल्हई लावणे बंद झालेले, जुने राउटर होते. मालकांना याचा पत्ता नव्हता. ‘माझ्या घरात मी जुने वापरीन नाहीतर नवे, तुम्हाला काय?’ असे म्हणणाऱ्याला हे उत्तर आहे. जाळे या वस्तूत केवळ माझे असे काही नसते. माझे कळकलेले भांडे दुसऱ्याच्या पंक्तीत वाढले जाते.

म्हणून ते मोडीतच घालावे का? तसेही नाही. कल्हई उडालेल्या पातेल्यात गृहिणी कोरडे धान्य खुशाल ठेवते. जुन्या यंत्रावर शिकणाऱ्याने ते बाहेरच्या जाळ्याला न जोडता एकटेच चालवले, तर त्यापासून कुणाला बाधा नाही. आणि ते वेशीवरच उभे करायचे असेल, तर खुली आज्ञावली घालून, तिच्या नव्या दुरुस्त्या वेळच्या वेळी घेऊन, स्वतः कल्हईवाला व्हावे. त्याहून जुने असे, की जिला आज कुठलीच आज्ञावली सांभाळत नाही, ती पेटी मात्र निरोप देण्याच्या लायकीची समजावी.

चौथी गोष्ट काटकसरीची. जुने ते सोने हे म्हणताना सोने वीज खात नाही, हे आपण विसरतो. एखादा मोठा स्विच सतत १०० वॅट वीज घेतो असे धरले, तर वर्षाला ८७६ युनिट होतात. युनिटला सात रुपये धरले तरी ६,१३२ रुपये झाले. १५ वॅटची लहानशी पेटी तेच घरगुती काम करीत असेल, तर वर्षाचे सुमारे १३१ युनिट आणि ९२० रुपये. दोन हजारांत मिळालेले सोने पहिल्याच वर्षी तिप्पट किंमत वसूल करते, शिवाय त्याच्या पंख्यांचा घरघराट आजोबांच्या दुपारच्या झोपेवर पडतो. लागेल तेव्हा सुरू करून शिकावे आणि बंद करावे, ही काटकसर. बारा महिने चोवीस तास चालणाऱ्या पाच पेट्या ओळीने मांडणे हा संग्रहाचा मोह आहे. अपरिग्रहाचे व्रत स्वस्त वस्तूंनाही लागू असते.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे, ते झाकून चालणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातल्या फक्त २२.३ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेल्याचे काय होते, ते दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत दिसत आले आहे. तेथे तारा जाळून तांबे काढले जाते, आम्लाच्या बादल्यांत पट्ट्या बुडवल्या जातात आणि तो धूर माणसांच्या फुप्फुसांत जातो. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली आहे आणि जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यालाही नोंदणीच्या चौकटीत घेतले आहे. तेव्हा एखादे यंत्र आणखी पाच वर्षे नीट वापरणारा मुलगा समाजाचे काहीतरी देणे फेडतो, यात शंका नाही.

परंतु आपल्या दारातून कचरा काढून दुसऱ्याच्या दारात ठेवणे म्हणजे पुनर्वापर नव्हे. मागे एका संस्थेने आमच्या शाळेला अशीच पंधरा जुनी यंत्रे देऊ केली. सत्काराची तारीखही सुचवली होती. आलेल्या दानाला नाही म्हणू नये, असे सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. मी आमच्या एका माजी विद्यार्थ्याला ती पाहायला सांगितले. तेरा यंत्रांची कल्हई कायमची गेली होती. मी दोन ठेवून घेतली आणि बाकीची सविनय परत केली. देणाऱ्यांना राग आला तो अजून गेलेला नाही. मला मात्र त्या वेळी कठोपनिषदातला नचिकेता आठवत होता. ज्यांचे दूध आटले आहे अशा गाई बाप दान देत असताना, याचे फळ काय, असा प्रश्न त्या मुलाला पडला होता. दान देताना आपण आपले ओझे देतो की दुसऱ्याची गरज भागवतो, हे ज्याने त्याने मनाशी विचारायचे आहे.

ती दोन यंत्रे आमच्या प्रयोगशाळेत बाहेरच्या जाळ्याला न जोडता चालतात. मुले त्यांची पेटी उघडतात, आतला भाग ओळखतात, आज्ञावली घालतात, बिघडवतात आणि पुन्हा घालतात. नव्या, मोहोरबंद, हमीपत्राच्या यंत्राला हात लावायची कुणाची छाती होत नाही. जुन्याला होते. दुरुस्ती येणारी पिढी हवी असेल, तर तिला बिघडवण्याची मुभा असलेली वस्तू हाताशी द्यावी लागते. ही कामगिरी दुसऱ्या कुणाकडून इतक्या स्वस्तात होणार नाही.

म्हणून घरात जुनी पेटी घेऊन येणाऱ्या मुलाला आईवडिलांनी एवढेच विचारावे: आधीच्या माणसाचे गुपित पुसलेस का? आत जे घातलेस ते सरळ मार्गाने आले का? हिची कल्हई कोण लावणार? हिचे काम झाल्यावर हिला कुठे पोचवणार? उत्तरे आली तर माळ्यावर जागा करून द्यावी. न आली तर पेटी मोडीत घालायची घाई करू नये. मुलाला उत्तरे शोधायला आठ दिवस द्यावेत. वस्तू सांभाळायला शिकताना माणूस वचन सांभाळायला शिकतो, आणि त्या शिक्षणाला उशीर झाला तरी ते वाया जात नाही.